दादा, आपला आवाज घरापर्यंत पोचला

सन्माननीय, कार्यतत्पर, युवकांचे आशास्थान आणि आमच्या चौकाचे आधारस्तंभ
श्रीयुत दादा यांच्या सेवेशी,

सा. न. वि. वि.

चौकातल्या फ्लेक्सवर आपला हात जोडलेला फोटो आहे आणि खाली 'आपला नम्र' असं लिहिलं आहे. त्या नम्रतेला स्मरून हे पत्र लिहायला घेतलं. खरं तर फोनवरच बोलणार होते. विसर्जनाच्या रात्री आपल्याला फोन लावलाही होता. एवढ्या गर्दीत आपण तो लगेच उचललात, हे आपलं मोठेपण. "वहिनी, इथे काही ऐकू येत नाही, नंतर बोलू," म्हणालात. मला मात्र सगळं ऐकू येत होतं, फोनमधूनही आणि खिडकीतूनही. म्हणून आता लेखी.

प्रथम आपल्या मोफत वैद्यकीय सेवेबद्दल आभार मानते. सोसायटीच्या गेटपाशी ट्रकवर डॉल्बीची भिंत चढत होती, कार्यकर्ते 'चेक, चेक' करत होते, आणि माझा चार वर्षांचा मुलगा दोन्ही कानांवर तळवे दाबून माझ्या पोटात डोकं खुपसत होता. आपण गडबडीतून वेळ काढून जवळ आलात, मनगट धरून त्याचा एक हात कानावरून बाजूला केलात आणि म्हणालात, "वहिनी, लाड जरा कमी करा. पोराला असं घाबरट करून ठेवू नका."

फी नाही, तपासणी नाही, निदान आणि उपचार एका दमात. एवढी तत्पर सेवा आम्हाला कुठल्याच दवाखान्यात मिळाली नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी त्याला बराच वेळ नुसतं खेळताना पाहिलं. तो पोटात असल्यापासूनचं सगळं आम्हाला विचारलं. कानाची तपासणी करून आणायला सांगितलं, पुन्हा बोलावलं, पुन्हा पाहिलं, आणि मग हलक्या आवाजात सांगितलं की ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. आपण ते 'लाड' या एका शब्दात आटोपलंत.

आपली निदानशक्ती एकमार्गी नाही, हेही इथे नमूद करायला हवं. तिसऱ्या मजल्यावरची छोटी कुकरच्या शिट्टीला आणि फटाक्यांना कान झाकते, हे आपल्या नजरेतून सुटलं नाही. तिच्या आईला आपण जिन्यात थांबवून मोबाईलवरचं एक रील दाखवलंत. 'मूल कान झाकत असेल तर सावधान.' "ताई, हा ऑटिझम आहे, लवकर बघा," असं काळजीने सांगितलंत. त्या बाईची झोप उडाली. ती मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी सगळं तपासलं. मुलगी नावाने हाक मारली की वळते, आकाशात विमान दिसलं की बोट दाखवून आईच्या तोंडाकडे बघते, बाहुलीला ताप आला म्हणून तिच्या कपाळावर पट्टी ठेवते, ओळखीच्या माणसाला पाहून लाजते. दोन-चार वर्षांच्या पुष्कळ मुलांना अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजाची भीती वाटते आणि ती वयाबरोबर ओसरते, असं सांगून त्यांनी दोघींना घरी पाठवलं. आता ती स्वतःच फुगे फोडते.

म्हणजे ज्याला ऑटिझम आहे त्याला आपण लाडावलेला ठरवलंत, आणि जिला नाही तिला आजारी. दोन्ही वेळा आपला आत्मविश्वास मात्र तेवढाच होता. तो पाहून मला आपला हेवा वाटतो.

आपल्यासारख्या अभ्यासू माणसाला कंटाळा येणार नाही, या भरवशावर थोडं सांगते. कान झाकणं म्हणजे ऑटिझम नव्हे. डॉक्टर ज्या निकषांवर हे निदान करतात, त्यांची 'डीएसएम-५' नावाची नियमावली २०१३ मध्ये आली. त्यात आवाज, स्पर्श, उजेड यांना अतिरेकी किंवा फारच कमी प्रतिसाद देणं, हे एक लक्षण म्हणून पहिल्यांदाच नोंदलं गेलं. पण ते चार लक्षणांच्या गटातलं एक. त्या गटातली किमान दोन दिसावी लागतात. आणि तेवढ्यानेही भागत नाही. माणसांशी नातं जोडणं, नजरेने आणि हावभावांनी बोलणं, दुसऱ्याच्या बोलण्याला प्रतिसाद देणं, यांत अडचण असल्याशिवाय हे निदान होतच नाही. ती अडचण हा ऑटिझमचा गाभा. आवाजाचा त्रास असलेली कितीतरी मुलं त्या गाभ्यापासून लांब असतात.

उलट बाजूने पाहिलं तर मात्र संबंध दाट आहे. ऑटिझम असलेल्या व्यक्तींमधल्या या त्रासाचे अनेक अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे ४१ टक्के लोकांना सध्या हा त्रास होत असल्याचं आणि सुमारे ६० टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी तो झाल्याचं आढळलं. म्हणून शहाणा डॉक्टर कान झाकणाऱ्या मुलाच्या आईला घाबरवत नाही आणि हसून घालवतही नाही. तो पुढचे प्रश्न विचारतो. आपण प्रश्नांवाचूनच उत्तरापर्यंत पोचता.

आपल्या तर्कशक्तीबद्दलही कृतज्ञ आहे. "स्वतः दिवसभर किंचाळतो, ताटं आपटतो, ते चालतं; आमचा आवाज तेवढा चालत नाही?" असं आपण चारचौघांत विचारलंत. प्रश्न इतका बिनतोड की सगळे हसले. तो प्रश्न आपल्याआधी लिओ कॅनर नावाच्या बालमनोविकारतज्ज्ञाला पडला होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करताना १९४३ मध्ये त्यांनी ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ऑटिझमची वैद्यकातली ओळख तिथून सुरू झाली. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, अंडं फेटायचं यंत्र, अगदी वारासुद्धा त्या मुलांना भेदरवून टाकायचा, हे कॅनर यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. आणि त्याच ओघात हेही लिहिलं, की हीच मुलं स्वतः तितकाच मोठा आवाज आनंदाने करतात. त्यांना छळतो तो बाहेरून घुसणारा आवाज.

ताट मुलगा स्वतः आपटतो. ते कधी वाजणार, किती वाजणार, कधी थांबणार, हे त्याला ठाऊक असतं. आपली भिंत कधी वाजणार हे त्याला ठाऊक नसतं. मलाही नसतं. परवानगीत लिहिलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांचा मेळ बसलेला मी तरी पाहिला नाही.

"हाक मारली तर बघत नाही आणि डॉल्बी बरोबर ऐकू येते. नाटकं आहेत सगळी." हे वाक्य आपण माझ्या सासूबाईंना ऐकवलंत. त्या त्यांच्या परीने नातवाची बाजू लढवत होत्या, त्यामुळे आपल्या वाक्याने त्यांचं फार समाधान झालं. रात्री त्या जेवल्या नाहीत.

दादा, आपण म्हणालात ते डॉक्टरांनाही जाणवलं होतं. ते त्याला नाटक म्हणाले नाहीत, एवढाच फरक. जे मूल मिक्सर लागला की थरथरतं आणि स्वतःच्या नावाला वळत नाही, त्याचं ऐकणं आधी तपासायचं असतं. ऐकूच कमी येत असेल तर वाट वेगळी, येत असेल तर वेगळी. म्हणून बेरा टेस्ट करतात. झोपलेल्या मुलाच्या डोक्याला बारीक तारा चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारी नस त्याला कसा प्रतिसाद देते ते यंत्रावर उमटतं. मूल गाढ झोपावं म्हणून आदल्या रात्री त्याला जागवायला सांगतात. त्या कामी आपल्या मंडळाने जी मोलाची मदत केली, तिचे आभार मानायचे राहूनच गेले होते. मुलगा पहाटेपर्यंत जागा होता. आम्हाला काहीच करावं लागलं नाही.

टेस्ट नॉर्मल आली. त्याचे कान चांगले आहेत, आपल्या-माझ्यासारखेच. कान जास्त तीक्ष्ण आहेत असंही नाही. आवाज आत शिरल्यावर मेंदू त्याचं काय करतो, तिथे फरक आहे. आपण बोलत असताना मागे पंखा फिरत असतो, रस्त्यावर रिक्षा जात असते, कोणीतरी भांडी घासत असतं. आपला मेंदू ते सगळं मागे सारतो आणि समोरच्याचं बोलणं पुढे ठेवतो. माझ्या मुलाच्या मेंदूत ते सगळं एकाच रांगेत उभं राहतं. त्यात माझी हाकही असते. ती त्याला ऐकू येते, पण त्या गर्दीतून ती वेगळी काढता येत नाही. त्याला माझी हाक ऐकवायला आम्ही आणि त्याच्या थेरपिस्ट जिवाचं रान करतो आहोत. आपली भिंत सुरू झाली की ते सगळं त्या दणक्याखाली जातं.

आता आपल्या सर्वांत थोर सल्ल्याकडे येते. "सवय होईल. आणा त्याला खाली, उभा करा भिंतीपुढे, दोन दिवसांत नाचायला लागेल." आपल्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. आपल्या तारुण्यात सगळ्यांना अशीच सवय झाली असेल. बहुतेक माणसांचा मेंदू तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की त्याकडे लक्ष देणं कमी करत जातो. पण ऑटिझम असलेल्या आणि असा त्रास होणाऱ्या मुलांच्या मेंदूचे स्कॅन घेऊन संशोधकांनी पाहिलं, तेव्हा नकोसा आवाज आणि स्पर्श वारंवार दिल्यावरही भीतीशी जोडलेला भाग अनेकांमध्ये तितका शांत होत नव्हता.  आपण ज्याला सवय म्हणता ती अशा मुलाला सहजी होत नाही. ते थकतं, आणि थकून गप्प झालेलं मूल लांबून सवय झालेल्या मुलासारखं दिसतं.

सवय लावायचा रस्ता आहे, दादा. आम्ही आठवड्यातून ऑक्युपेशनल थेरपीला जातो तिथे तेच चालतं. मिक्सरचा आवाज मोबाईलवर टेप केलेला असतो. तो आधी इतका बारीक लावतात की मला कान द्यावा लागतो. बटण मुलाच्या हातात. त्याने दाबलं की आवाज येतो, सोडलं की थांबतो. तो हसला, खेळत राहिला, तरच पुढच्या खेपेला आवाज कणभर वाढतो. कित्येक महिन्यांनी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून 'आई, मिक्सर' असं म्हणाला आणि स्वतः कान झाकून मला लाव म्हणून खुणावलं. त्या दोन शब्दांसाठी घरात पेढे आणले होते. मग आपल्या कृपेने हळदीच्या वरातीचा डीजे खिडकीखाली थांबला. त्यानंतर बरेच दिवस तो स्वयंपाकघरात आलाच नाही. आपल्या उदार हातांनी आमची सगळी मेहनत एका संध्याकाळी फेडलीत.

आपल्या कार्यकर्त्यांनी सुचवलेल्या उपायाबद्दलही धन्यवाद. "कानाला ते मोठे हेडफोन लावा ना, मिळतात ऑनलाइन." मिळतात, आणि आमच्याकडे आहेत. चांगले असले तर वीस-पंचवीस डेसिबल आवाज अडवतात. पण ते अडवतात शिट्टी, किंकाळी, भांड्यांचा खणखणाट असे चढे आवाज. आपला जो खास अभिमान आहे तो बेस त्यांना फारसा जुमानत नाही. तो काचेतून येतो, भिंतीतून येतो, पलंगाच्या पायातून येतो आणि छातीत वाजतो. छातीवर लावायचा हेडफोन निघाला की कृपया कळवावे. शिवाय दिवसभर कान बंद ठेवले तर मेंदू उरलेल्या आवाजांना आणखी घाबरायला शिकतो, म्हणून गरजेपुरतेच लावा, असं ऑडिओलॉजिस्ट बजावतात. आपल्या उत्सवकाळात ही गरज सकाळी उठल्यापासून असते.

थोडं आकड्यांचं बोलू. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही सरकारने घालून दिलेली मर्यादा. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. पुण्यात पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे आताच्या सीओईपी विद्यापीठाचे लोक विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत आवाज मोजतात. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी सरासरीच १०० च्या वर गेली होती. 'पंचावन्नचे शंभर झाले, म्हणजे दुप्पटही नाही' असं आपल्याला वाटू नये म्हणून सांगते. डेसिबलचं मोजमाप असं आहे की दहा वाढले की ध्वनीची ऊर्जा दहा पट होते. ५५ वरून १०५ वर गेलं की ती एक लाख पट झालेली असते.

कारखान्यात काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी अमेरिकेतल्या 'निओश' या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे, की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी. शंभरला ती पंधरा मिनिटांवर येते. आपल्या भिंतीपुढे जी पोरं तासन्‌तास नाचतात ती आमच्याच चाळींतली, आमच्याच शाळांतली आहेत. कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. यंदा ट्रकच्या केबिनमध्ये आपली नात मांडीवर घेऊन आपल्या सूनबाई बसल्या होत्या. नातीच्या दोन्ही कानांवर सूनबाईंचे हात होते. त्या हातांना मात्र आपण लाड म्हटलं नाहीत, याबद्दल मनापासून आभारी आहे.

"वहिनी, तुम्हाला आमचा सणच खुपतो," असं आपण शेवटी म्हणालात. त्याने मात्र दुखावले गेले. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. माझा मुलगा आरतीच्या वेळी ताम्हण कुठे, निरांजन कुठे, कापूर कधी, हे सगळं क्रमाने मांडून ठेवतो आणि कोणी एक वस्तू हलवली तरी जागेवर परत ठेवतो. घरच्या माणसांनी नुसत्या गळ्याने म्हटलेल्या आरतीला तो कान झाकत नाही. डोलतो. बाप्पाच्या सोंडेवरून बोट फिरवत बसतो. आपल्या मांडवातल्या एवढ्या सुंदर मूर्तीजवळ जायची त्याला किती ओढ आहे, हे तो दुरून बघतो तेव्हा मला दिसतं. त्याच्या आणि बाप्पाच्या मध्ये आपण स्पीकर लावून ठेवले आहेत. मग सण कोणाला खुपतो?

१८९३ मध्ये लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिलं, तेव्हा मांडवात लाउडस्पीकर नव्हते. तरी मेळे रंगले, व्याख्यानं झाली आणि उत्सव गावोगाव पोचला. आणि माझी तक्रार एकट्या गणपतीवर कशाला? वराती, हळदी, जयंत्या, प्रचारसभा, भोंगे, सायलेन्सर काढून फटाके फोडत जाणारी बुलेट, सगळ्यांवर आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल दिला, तो सगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांना लागू आहे. लाउडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं त्यात स्पष्ट आहे.

त्याआधी जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावर मोठा निकाल दिला. बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, पण दुसऱ्याला बळजबरीने ऐकायला लावण्याचं नाही, असा त्याचा सांगावा. त्या याचिकेमागे काय होतं हे आपल्याला माहीत नसावं. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होत होता आणि परिसरातल्या लाउडस्पीकरच्या गोंगाटात तिचं ओरडणं कोणाला ऐकू गेलं नाही. हे वाचल्यापासून 'एक दिवस सहन करायला काय होतं' हा आपला प्रश्न माझ्याच्याने ऐकवत नाही. आवाज एवढा वाढवला की त्याखाली कोणाची हाक दबली, हे आवाज वाढवणाऱ्याला कधीच कळत नाही. माझा मुलगा तर हाक मारायला अजून शिकतो आहे.

दादा, इतकं कौतुक झाल्यावर आता मागणं मागते. आपण मोठ्या मनाचे आहात.

भिंत नको. ढोल वाजवा, ताशा वाजवा, पण आमच्या इमारतीपुढे तळ ठोकून नको, पुढे जात राहा. रात्री दहाला थांबा. ज्या दिवसांची सवलत सरकार देतं त्या दिवशी बाराला थांबा. वाजवणार असाल त्याची खरी वेळ आदल्या दिवशी मांडवाबाहेर लिहून लावा, आणि ती पाळा. यात आपला एक रुपया खर्च नाही. अशा मुलांना 'आता होणार, आता संपणार' हे आधी कळलं तर अर्धा धसका कमी होतो. आम्हाला त्याला आत्याकडे नेता येतं. आणि रोज सकाळी एक तास मांडवात सगळे आवाज बंद ठेवा. त्या तासात माझा मुलगा येईल. व्हीलचेअरवरच्या आजी येतील, नुकती बाळंत झालेली सून येईल. ऑटिझम हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेलं अपंगत्व आहे. रॅम्प मागायला कोणाला लाज वाटत नाही. आमच्या मुलांचा रॅम्प म्हणजे शांतता. ती मागायला मीही लाजणार नाही.

आणि त्याचा हात पुन्हा कानावरून काढू नका. ही विनंती नाही.

हे पत्र दादांच्या खांद्यावरून जे वाचत आहेत त्या आयाबापांनो, तुमचं मूल कान झाकत असेल तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. त्याला खरंच त्रास होतो आहे. त्यासोबत ते नावाला वळत नसेल, वर्ष-सव्वा वर्षानंतरही हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, शिकलेले शब्द गमावत असेल, खेळण्यांशी खेळण्यापेक्षा त्यांची चाकंच फिरवत बसत असेल, तर 'मुलगे उशिरा बोलतात' या वाक्यावर विसंबून वर्ष घालवू नका. बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि कानाची तपासणी सर्वांत आधी करून घ्या. जिल्हा रुग्णालयांत अशा मुलांसाठी डीईआयसी नावाची सरकारी केंद्रं आहेत, तिथे तपासणी मोफत होते. यातलं काही नसेल आणि मूल फक्त आवाजाला घाबरत असेल, तर जिन्यात दाखवलेल्या रीलवर झोप घालवू नका. आणि दोन्हीपैकी काहीही असलं, तरी आवाज कमी करा असं चौकात जाऊन सांगायला माझ्यासोबत या. मी एकटी गेले की मला 'वहिनी' म्हणतात आणि चहा पाजून परत पाठवतात.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा. आवाज होऊ नये.

आपली कृपाभिलाषी वर्गणीदार,
दुसऱ्या मजल्यावरची वहिनी

ता. क. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून लागू आहे. तो पाळला नाही तर पोलिसांकडे तक्रार करता येते. क्रमांक ११२. यंदा मी लावणार आहे.